सोडून दिल्यास

दि. ६ फेब्रुवारी २०११, रविवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. ढाबळीत सेहेचाळीस पाखरे होती. माझ्या मोजणीत मात्र पंचेचाळीसच भरत होती.

"कोपऱ्यातली मादी अंड्यावर बसलीय, ती सुटली तुमच्या हातून," दस्तगीर म्हणाला. "नगरपालिकेचं पाण्याचं मीटर नव्हे हे, इंजिनिअरसाहेब. अंदाजानं आकडा टाकला आणि निघाले, असं चालायचं नाही."

"मी कधीही अंदाजाने आकडा टाकलेला नाही."

"म्हणून तर आमच्या गल्लीत बिल कमी आलं नाही कधी."

दस्तगीर मुजावर हा इचलकरंजीतला टायरचा व्यापारी आणि कलगोंडा मगदूम यांचा पाखरांच्या शौकातला तीस वर्षांचा प्रतिस्पर्धी. पाखरे म्हणजे गिरेबाज कबुतरे, आणि ढाबळ म्हणजे त्यांचे गच्चीवरचे लाकूड-जाळीचे खुराडे. सकाळी उडवली की आभाळात ठिपका होऊन तासन् तास वर राहणारी. मगदूमांना सगळे तात्या म्हणत. त्यांचा साइझिंगचा, म्हणजे सुताला खळ देण्याचा, कारखाना होता. मी तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात नोकरी केलेला त्यांचा शेजारी. आम्हा दोघांना तात्यांनी मृत्युपत्रात विश्वस्त नेमले होते आणि वर्षातून एकदा एकत्र मोजणी करण्याचे बंधन घातले होते. ही पाचवी मोजणी.

मृत्युपत्र करताना सदलगे वकिलांनी आम्हाला समोर बसवून समजावले होते. पाखराला कोर्टात जाता येत नाही, म्हणून त्याच्या नावे काही ठेवता येत नाही. जे ठेवायचे ते माणसाच्या नावे ठेवावे आणि माणसावर अट घालावी. त्याप्रमाणे दाणापाण्याची रक्कम आम्हा विश्वस्तांकडे आली आणि घर तात्यांच्या मुलीच्या, शैलजाच्या, नावे झाले. अट एका वाक्याची होती. 'माझी पाखरे त्यांच्या ढाबळीत सांभाळावीत. शैलजाने पाखरे सोडून दिल्यास घर पांजरपोळास जावे.' पांजरपोळ म्हणजे म्हाताऱ्या, भाकड जनावरांचा सांभाळ करणारी गावाबाहेरची संस्था. तात्या जैन, तिथे दर पर्युषणात देणगी देणारे. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

मोजणी संपवून आम्ही गच्चीवरून खाली उतरलो. शैलजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चहा ठेवला होता. कप पुढे करताना तिला खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत आम्ही दोघे जमिनीकडे बघत उभे राहिलो. पंचेचाळीस वर्षांची शैलजा घरीच गणिताच्या शिकवण्या घेई. त्या मुलांनाही या खोकल्याची इतकी सवय झाली होती, की बाई वाक्याच्या मध्येच थांबल्या तर ती पेन्सिल खाली ठेवून शांतपणे वाट बघत.

"मिरजेला जाऊन आले," ती म्हणाली. "फुफ्फुसाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात कबुतरं आहेत का."

"मग?"

"पिसांची आणि विष्ठेची धूळ. आत बसलीय. औषधानं दुखणं थोडं थांबेल, पण वर पाखरं असताना त्याच घरात राहिले तर चार-पाच वर्षं, म्हणाले."

"चार-पाच वर्षांत बरं वाटेल?" दस्तगीरने विचारले.

"चाचा," ती म्हणाली, "चार-पाच वर्षं राहिलीत, असं म्हणाले."

दस्तगीरने कप खाली ठेवला. त्याच्या बाहीवर एक पांढरे पीस चिकटले होते. ते त्याने चिमटीत धरले आणि टाकावे कुठे हे न कळल्यासारखे खिशात घातले.

"मी घर सोडून भाड्यानं राहिले तरी पाखरं सोडल्यासारखंच होतं ना, काका?" तिने मला विचारले. "सदलगे वकील तरी तसंच म्हणाले. आणि शिकवणीची मुलं या पत्त्यावर येतात. दुसरीकडे जाऊन पुन्हा सुरुवात करायला मला जमेल असं वाटत नाही."

मी मृत्युपत्राची प्रत मागितली. नोकरीत असताना मला कंत्राटातल्या अटी वाचाव्या लागत. वाक्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही हे आधी पाहायचे, ही माझी सवय. मी ते वाक्य तीनदा वाचले.

"इथे 'ढाबळीत' असा शब्द आहे," मी म्हणालो. "'घरावर' असा नाही."

"बरं मग?"

"ढाबळ हलवता येईल. नवी बांधायची नाही. हीच उतरवायची, याच लाकडांनी, याच जाळीने दुसरीकडे उभी करायची. ढाबळ तीच, पाखरे तीच. अट कुठेच मोडत नाही."

शैलजाने दस्तगीरकडे पाहिले.

"कबनूर रस्त्यावर माझं गोदाम आहे," दस्तगीर सावकाश म्हणाला. "वर स्लॅब मोकळा आहे. पण मोठी पाखरं जागा सोडत नाहीत, साहेब. लाकूड तेच असलं तरी त्यांना त्याचं काय. चाळीस दिवस कोंडून ठेवावी लागतील, जाळीतून नवं आभाळ बघू द्यावं लागेल. तरी निम्मी परत येतील."

"निम्मी तरी राहतील. परत येतील ती पुन्हा धरून नेऊ."

"धरायला मी. बोलायला तुम्ही."

काम मी माझ्या पद्धतीने केले. प्रत्येक वाशाला आणि फळीला लाल रंगाने क्रमांक घातला, नकाशा काढला, आणि पुढच्या दोन रविवारी आम्ही ती ढाबळ उतरवून गोदामावर जशीच्या तशी उभी केली. पांजरपोळाच्या चिटणिसांना पत्र पाठवले. ढाबळ व पाखरे तीच असून ढाबळ घरावरच असावी असे मृत्युपत्रात कोठेही म्हटलेले नाही, सबब अट अबाधित आहे, असे त्यात मी लिहिले आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या. त्यांची हरकत नसल्याचे उत्तर आले. शैलजाने दोन बायका लावून गच्ची धुऊन घेतली, घराला चुना काढला.

दहा-बारा दिवसांनी मी सहज गेलो तर ती मुलांना शिकवत होती. एक संपूर्ण उदाहरण तिने न थांबता सांगितले. मुलेच गोंधळली होती. कुठे श्वास घ्यायचा हे त्यांचे ठरलेले होते.

शनिवारी, पाच मार्चला, तिचा निरोप आला. धनूदादा आला आहे, जेवायला या.

धन्यकुमार हा तिचा थोरला भाऊ. पुण्याला असतो, बांधकाम साहित्याचा त्याचा व्यवसाय आहे. माणूस वागायला गोड. मी गेलो तेव्हा तो कॉटवर मांडी घालून बसला होता आणि बहिणीला औषधांच्या वेळा विचारत होता. शेजारी पेढ्यांचा पुडा आणि एक साडीचे खोके होते.

"या काका," तो उठून पाया पडला. "तुमचे उपकार कसे फेडायचे? हिचा आवाज ऐकलात? मी फोनवर ओळखलंच नाही. म्हटलं, ही शैला की दुसरी कोण."

जेवण झाले. सुपारी कातरता कातरता त्याने विषय काढला.

"तुमचं पांजरपोळाला पाठवलेलं पत्र हिनं मला वाचून दाखवलं, मग मी प्रत मागवून घेतली. फार नेमकं लिहिलंय. आमच्या वकिलानं पण नाव घेतलं. म्हणाला, या गृहस्थांनी घर मोकळं केलं."

"मोकळे केले म्हणजे?"

"अट ढाबळीवर आहे, घरावर नाही, हे तुम्हीच लिहून दिलंत. ढाबळ आता मुजावरचाचांकडे. मग घरावर बोजा कसला राहिला?" त्याने उशाजवळची पिशवी ओढली. "साधं बक्षीसपत्र आहे, बहिणीकडून भावाला. सोमवारी अकराला नोंदणी कार्यालयात वेळ घेतलीय. इथं चार मजली इमारत उठते, काका. हिला त्यात एक खोली. नाहीतर पुण्याला आमच्याकडे. एकटी बाई, असला आजार, एवढं मोठं घर घेऊन करणार काय?"

मी शैलजाकडे पाहिले. ती ताटे उचलत होती.

"शैला, साडी आवडली का?"

"छान आहे, दादा."

"तुझ्या वहिनीनं निवडली. सोमवारी नेसून ये."

"बरं," ती म्हणाली.

आमच्याकडे हे असेच होते. बाप गेल्यावर भाऊ बोलावतो, बहीण जाते, कार्यालयात सही करते, भाऊ साडीचोळी करतो आणि दिवाळीला माहेर उघडे राहते. त्याला कोणी व्यवहार म्हणत नाही. न करणारीविषयी मात्र गावात बोलले जाते.

दुसऱ्या दिवशी धन्यकुमार कुंभोजला दर्शनाला गेला होता. मी दस्तगीरला घेऊन तिच्याकडे गेलो.

"तुला घर द्यायचे आहे का?" मी सरळ विचारले.

"नाही."

"मग काल 'बरं' का म्हणालीस?"

"तो समोर बसला की मला नाही म्हणताच येत नाही, काका. तोंडच उघडत नाही. शेताच्या वेळी पण असंच झालं, त्यानं कागद पुढं केला आणि मी सही करून दिली. तात्या तेव्हा जिवंत होते. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा वर पाखरांना दाणे टाकताना म्हणाले, तुला कागद दाखवला की तू सही करतेस, तुझ्या हाताला कायतरी बांधून ठेवायला पाहिजे."

मी दस्तगीरकडे वळलो. तो खिडकीबाहेर बघत होता.

"तुला हे माहीत होते?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. सह्या दोघांच्या आहेत. तात्या मला म्हणाला होता, दस्तगीर, पाखरं काय, तू पण सांभाळशील. पाखरं वर असली की घर कुणाला घेता येणार नाही, आणि हिला देता येणार नाही. पाखरं मरतात तशी अंडी पण घालतात, म्हणाला. ही हयात आहे तोवर पुरतील."

"आणि मी ढाबळ हलवू या म्हणालो, तेव्हा तू गप्प बसलास."

"तेव्हा पोरीचा श्वास बघू का घर बघू? तुम्ही रंगाचा डबा घेऊन लाकडांना नंबर घालत होता, इतकं देखणं काम चाललं होतं. मला वाटलं, एवढं शिकलेला माणूस, पुढचं पण बघितलं असेल."

शैलजा म्हणाली, "चाचा, असं नका बोलू. मला चांगली झोप लागतेय त्यांच्यामुळं."

"ढाबळ परत आणू," मी म्हणालो. "उद्या सकाळी. कार्यालयात जायच्या आत."

"आणि मी?"

तिने ते तक्रारीच्या सुरात विचारले नाही. उदाहरणात एक पायरी राहिली आहे असे मुलाला दाखवावे तसे विचारले. पाखरे वर आली की श्वास जाणार, वरून गेली की सही होणार. मी म्हणालो, मी धन्यकुमारशी बोलतो. तिने मान हलवली.

"तुम्ही नाही म्हणालात तर तो मला विचारणार, शैला, काका म्हणतात ते खरं का. आणि मी म्हणणार, तू म्हणशील तसं." मग ती दस्तगीरला म्हणाली, "चाचा, अजून किती दिवस कोंडायची पाखरं?"

"पंधरा झाले. अजून पंचवीस."

"आणि आत्ता दार उघडलं तर?"

"एक थांबायचं नाही तिथं," दस्तगीर म्हणाला. "सरळ इथं. का?"

"सहज," ती म्हणाली.

सोमवारी नऊच्या सुमारास मी तिच्या घराकडे निघालो. रात्रभर विचार करून मी एक कच्चा मसुदा तयार केला होता, की विश्वस्तांच्या लेखी संमतीवाचून घराचे हस्तांतर होऊ नये. त्याला कायद्यात आधार नाही हे मला माहीत होते. कोपऱ्यावरून वळलो आणि थांबलो.

गच्चीच्या कठड्यावर पाखरे बसली होती. सगळा कठडा भरला होता. काही धुतलेल्या फरशीवर उतरून, जिथे ढाबळीचे दार होते त्या रिकाम्या जागेभोवती फिरत होती, आणि पुन्हा कठड्यावर येत होती.

शैलजा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. अंगावर नवी साडी होती. नाकातोंडाला ओढणी बांधलेली, ती तिने मला पाहून खाली ओढली. केसांत धूळ होती. बोलण्याआधी तिला बराच वेळ लागला.

"रिक्षानं गेले होते. चाचांचा वॉचमन ओळखतो मला, त्यानं वर जाऊ दिलं." ती पुन्हा थांबली. "काका, लिहा. मी पाखरं सोडली."

दस्तगीर मोटारसायकलवरून आला तो गोदामाकडूनच. वर बघत बघतच आत आला. त्याच्या मागोमाग धन्यकुमारची गाडी लागली.

"हे काय? परत कशी आली ही?" धन्यकुमारने विचारले. "शैला, चल, अकराची वेळ आहे."

"कशावर सही करू, दादा?" ती म्हणाली. "घर आता माझं नाही. मी पाखरं सोडली."

तो आधी हसला. मग माझ्याकडे पाहून त्याचे हसणे थांबले.

"काका, ही काय म्हणते?"

मी उत्तर देण्याआधी दस्तगीर पुढे झाला. "काही झालं नाही. सोडली म्हणजे उडवली. पाखरं रोज सोडतातच, आम्ही शौकीन सगळे असंच म्हणतो. सोडली, सोडून नाही दिली. संध्याकाळी मी सगळी धरून नेतो. अट मोडली नाही, साहेब. हिचं घर हिचंच आहे." तिचे छप्पर वाचवण्यासाठी तो बोलत होता, हे मला दिसत होते.

"अगदी बरोबर," धन्यकुमार लगेच म्हणाला. "चाचा जाणकार आहेत. उडवली म्हणजे काय सोडून दिली होतं का? काका, तुम्ही शब्दाला पक्के. तुम्हीच सांगा."

"चाचा," शैलजा म्हणाली, "पुरे आता."

तिघेही माझ्याकडे बघत होते. विश्वस्तांनी पांजरपोळाला लेखी कळवल्याखेरीज अट मोडली असे ठरत नव्हते, आणि ते पत्र लिहिण्याचे काम पहिल्यापासून माझे होते. दस्तगीरचा अर्थ चुकीचा नव्हता. तो मी स्वीकारला असता तर अकरा वाजता ती आपल्या घराची मालकीण म्हणून कार्यालयात गेली असती आणि सव्वाअकराला मालकीण राहिली नसती.

"शैलजा," मी विचारले, "दार उघडलेस तेव्हा त्यांनी त्या ढाबळीत परत यावे असा तुझा हेतू होता का?"

"नव्हता."

"ती इथे येतील हे तुला माहीत होते?"

"चाचांना विचारूनच गेले होते."

"आणि इथे तू त्यांना सांभाळणार आहेस?"

"मी आजच खोली बघतेय, काका. काल पुढच्या गल्लीतल्या पाटलांच्या आईशी बोलून ठेवलंय." मग ती भावाकडे वळली. "रागावू नको, दादा. तू मागितलंस आणि मी दिलं नाही, असं नाही झालं. माझ्याकडं द्यायला राहिलंच नाही."

धन्यकुमारने वर कठड्याकडे पाहिले, मग तिच्या साडीकडे. "तुला खोकला येतोय," तो म्हणाला. "आत तरी बस." ती म्हणाली, आत नको, बाहेरच बरं आहे. तो गाडीत जाऊन बसला, पण गाडी सुरू व्हायला वेळ लागला.

शिकवणीच्या मुलांच्या बाकावर बसून मी पत्र लिहिले. ती माझ्या खांद्याशी उभी होती.

"'सोडून दिली' लिहिलंत ना?" तिने विचारले. "नुसतं 'सोडली' नको."

मी तो शब्द तिला दाखवला. सही केली आणि कागद दस्तगीरकडे सरकवला. त्याने पेन हातात घेतले, टोपण काढले, परत लावले.

"तात्या वर मला काय म्हणेल?"

"कागद दाखवला की सही करायची सवय आमच्या घरातलीच आहे, असं सांगा," शैलजा म्हणाली.

त्याने सही केली. ती वाकडी आली.

संध्याकाळपर्यंत ती दोन ट्रंका आणि फळा घेऊन पाटलांच्या मागच्या खोलीत गेली. पांजरपोळाने घर ताब्यात घेतले, माझ्या नकाशावरून ढाबळ पुन्हा गच्चीवर चढवली आणि खाली जखमी जनावरांचा दवाखाना काढला. दाणापाण्याची रक्कम आम्ही त्यांच्याकडे वर्ग केली आणि आमचे विश्वस्तपण संपले. पहिली दोन वर्षे धन्यकुमारचा फोन आला नाही. तिसऱ्या वर्षी भाऊबीजेला त्याने बोलावले, तेव्हापासून ती दरवर्षी जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. दस्तगीर पाच वर्षांपूर्वी गेला. शैलजाला जिना चढताना अजून एकदा थांबावे लागते. शिकवण्या चालू आहेत, मुले पाटलांच्या त्याच खोलीत येतात.

येत्या मार्गशीर्षात ती साठ वर्षांची होईल.